वेफर्स लाल का पडले? आणि सोलापुरात बटाटे ठेवायचे तरी कुठे

प्रेषक: बाळीवेशीची सून, सध्या सोलापुरातच
१० मार्च, दुपार

सोलापूरकरांच्या या ई-मेल लिस्टवरच्या मंडळींना नमस्कार.

गड्ड्याच्या यात्रेसाठी म्हणून जानेवारीत मिनियापोलिसहून निघाले ती अजून सासूबाईंकडेच आहे. मेपर्यंत मुक्काम. यंदा वाळवणात मदत करायची असं ठरवूनच आले होते, आणि तिथेच माती खाल्ली.

फेब्रुवारीत लक्ष्मी मंडईतून २० किलो बटाटे आणले. घरात एवढ्यातच उकडायला लागलंय, मोड येतील, या धास्तीने मी शहाणपणाने १० किलो फ्रीजमध्ये कोंबले. उरलेले १० सासूबाईंनी टोपलीत घालून पलंगाखाली सारले. तीन आठवड्यांनी दोन्हींचे वेफर्स केले. किसणी एक, तुरटीचं पाणी एक, मिठाचं प्रमाण एक, गच्चीवर एकाच धोतरावर वाळवले. काल तळून बघितले. पलंगाखालचे पांढरेशुभ्र फुलले. फ्रीजमधले तेलात पडेपर्यंत ठीक होते, मग बघता बघता लाल, कडा काळपट, आणि चव आधी गोडसर, मागाहून कडवट.

सासूबाईंनी झारा खाली ठेवला आणि म्हणाल्या, "फ्रीजमधी बटाटं कोण ठेवतंय का? काय करूलालीस गं?" यावर माझ्याकडे उत्तर नाही. तुमच्याकडे आहे का? फ्रीजमध्ये अजून तीनेक किलो शिल्लक आहेत, त्यांचं काय करू?


प्रेषक: जुळे सोलापूर, काका
१० मार्च, रात्र

सूनबाई,

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा, त्यांचं बरोबर आहे.

माझी नोकरीची वीस-बावीस वर्षं तिकडे अमेरिकेत चिप्सच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत गेली. बटाट्याचा ट्रक दारात आला की आमचं पहिलं काम काय, तर चार बटाटे उचलून चकत्या तळायच्या. लाल पडल्या की ट्रक परत. बटाटा काढल्यावरही जिवंत असतो, श्वास घेत असतो. त्याला ४-५ अंशांत ठेवलं की तो आपल्यातल्या पिष्टाची साखर करायला लागतो. ती साखर आणि बटाट्यातली अमिनो आम्लं गरम तेलात भेटली की तुमच्या कढईत झालं ते होतं. त्यात अ‍ॅक्रिलामाइड नावाचं नको ते रसायनही वाढतं, तेव्हा लाल-काळे वेफर्स पोरांना देऊ नका. जीव तुटेल, पण टाका.

शिल्लक तीन किलो मात्र टाकायचे नाहीत. फ्रीजमधून काढून अंधारात दोन-तीन आठवडे ठेवा, बरीचशी साखर उतरते. सगळी नाही. एक चकती तळून बघा आणि मग ठरवा. नाहीतर सरळ रस्सा करा. रश्शात गोडसरपणा खपून जातो, आपल्या काळ्या मसाल्यापुढे कोण टिकतंय!

हेच कारण बाजारातल्या बटाट्यालाही लागू. शीतगृहात खायचा बटाटा साधारण २ ते ४ अंशांत असतो, चिप्सचा वेगळा, १० ते १२ अंशांत. म्हणून पावसाळ्यात आणलेला बटाटा कधी कधी गोड लागतो. वाळवणाला फेब्रुवारी-मार्चचा नवा माल घ्यायचा हे जुन्या बायकांना कुठल्याही प्रयोगशाळेशिवाय माहीत होतं.

ठेवायचं म्हणाल तर घरात सगळ्यात गार जागा बघा, बहुतेक माजघरातली शहाबादी फरशी. तिच्यावर सुतळी पोतं, पोत्यावर एका थरात बटाटे, उजेड अजिबात नको, वारा हवा. धुवायचे नाहीत. कांद्याशेजारी नकोत. बटाट्याच्या ओलीने कांदा कुजतो, आणि सोलापूरकराने कांदा कुजवणं शोभत नाही. हिरवा पडलेला भाग जाड कापून टाका, उकडल्याने त्यातलं विष जात नाही. चव कडू लागली तर सबंध बटाटा टाका. एवढं सगळं करूनही मार्चनंतर इथे तीन आठवड्यांच्या वर भरवसा धरू नका. मे महिन्यात ४२ अंशांत पोतंभर बटाटे घेणारा माणूस बटाट्याच्या किडीच्या पाकोळ्या पाळतो, दुसरं काही नाही.


प्रेषक: नवी पेठ, मुक्काम सेंट पॉल
११ मार्च

आमच्या बेसमेंटला ऑक्टोबरात भरलेले बटाटे आणि गाजरं एप्रिलपर्यंत जशीच्या तशी. ७ अंश, काळोख, काही करावं लागत नाही. सोलापुरात पेवं होती की, धान्याची जमिनीखालची कोठारं! वहिनी, वाड्यातलं पेव उघडा आणि टाका आत बटाटे. फुकटचं बेसमेंट.


प्रेषक: मंगळवेढ्याची लेक, डॅलस
११ मार्च

> वाड्यातलं पेव उघडा

अहो दादा, कृपा करून असले सल्ले लिस्टवर टाकू नका. कुणी खरंच उघडेल.

आमच्या आजोबांच्या अंगणात पेव होतं. वरून रांजणाच्या तोंडाएवढं, आत माणूस उभा राहील एवढं खोल. तळाला नि कडेला कडबा-भुसकट लावून खडखडीत वाळलेली मालदांडी त्यात भरायची, तोंडावर दगड, वर माती. आत ज्वारी श्वास घेऊन घेऊन हवेतला प्राणवायू संपवते, म्हणून किडे मरतात आणि धान्य टिकतं. पण माणूसही तसाच मरतो. आजोबा पेव उघडलं की तास न् तास कुणाला जवळ फिरकू द्यायचे नाहीत, मग दोरीने कंदील खाली सोडायचे. विझला की पुन्हा थांबायचं. आज तर कंदील लावूनही कुणी उतरू नये.

आणि त्यात बटाटा? त्याच्या वजनात पाचातले चार भाग पाणी. बंद जागेत आठवड्याभरात आतून काळा पडेल आणि वास पार वेशीपर्यंत. जी गोष्ट कोरडी ती पेवात, ओली ती वाऱ्यावर. पुण्याकडे मंचर-खेडला शेतकरी बटाट्याची अरण, म्हणजे झाकलेला ढीग, लावतात तीही सावलीत, पाचटाखाली, वारा खेळता ठेवून.

गाजर, बीट, मुळ्याचं मात्र वेगळं. त्यांना ओल लागते. पाला पिळून काढायचा, नाहीतर तो कंदातलं पाणी ओढून घेतो. फुटका माठ असेल तर त्यात ओलसर वाळू आणि गाजरांचे थर. आईचं आलं असंच असायचं, न्हाणीघराच्या कोपऱ्यात.


प्रेषक: बाळीवेशीची सून
१२ मार्च

माठ ठेवलाय. सासूबाईंनी लगेच विचारलं की वाळूला पाणी रोज मारायचं का. इथे नळाला चार दिवसांनी पाणी येतं, त्यामुळे तांदूळ धुतलेलं पाणी वाळूला असा तह झालाय.

बटाट्यांना मोड आलेत तर गच्चीवर गोणीत लावून टाकू का?


प्रेषक: जुळे सोलापूर, काका
१२ मार्च

आत्ता नाही. पाला छान येईल, खाली काही नाही. बटाटा धरायला रात्री गार लागतात, १५ ते २० अंश. पारा तिशीच्या वर राहू लागला की पोसणं थांबतं. सोलापुरात ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत लावा, जानेवारीअखेर-फेब्रुवारीत काढा.

तेव्हा एवढं लक्षात ठेवा: बेणं अंड्याएवढं आणि मोड फुटलेलं. मोठा बटाटा कापलात तर प्रत्येक फोडीला दोन-तीन डोळे हवेत, राख लावून दिवसभर सावलीत सुकवा. आपली काळी माती नुसती घालू नका, वाळल्यावर ती बटाट्याला मुठीत धरते. निम्मं शेणखत आणि वाळू मिसळा. गोणी अर्धीच भरा, झाड वाढेल तशी माती वर चढवत जा. उघडा पडलेला बटाटा हिरवा होतो. काढायच्या दहा दिवस आधी पाणी तोडा, साल घट्ट होते. कुफरी पुखराज लवकर येतो, म्हणून मला आवडतो. गेल्या हिवाळ्यात पाव किलो बेण्याचे मला दोन किलोच्या वर मिळाले. त्यातले निम्मे गोट्यांएवढे होते, हेही सांगतो.

आणि तिकडून बेणं आणायचा विचार कुणी करू नका. परवान्याशिवाय विमानतळावर काढून घेतात, आणि बरोबरच करतात.

आत्ता लावायचंच असेल तर रताळं लावा. त्याला ऊन सोसतं. वेलाचा वीतभर तुकडा, तीन-चार पेरी मातीत, शेंडा वर. साडेतीन-चार महिन्यांत रताळी. म्हणजे आषाढीच्या आसपास, पंढरपूरचे वारकरी पोचतील तेव्हा तुमच्या सासूबाईंचा उपास घरच्या रताळ्यांवर. ती मात्र फ्रीजमध्ये ठेवू नका, आत दडस होतात.


प्रेषक: बाळीवेशीची सून
२ एप्रिल

वेल मंडईत मिळाला नाही, मग होटगी रोडच्या एका शेतकऱ्याने फुकट दिला. चार गोण्या लावल्या. तीन धरल्यात, एक माकडांनी उपटली.

फ्रीजमधून काढलेल्या तीन किलोंची काल एक चकती तळली. फिकट बदामी. सासूबाईंनी खाल्ली, दुसरी मागितली, मग म्हणाल्या, "कीस कर याचा. वेफर्स नको."

मी मेमध्ये निघणार. आषाढीला रताळी खणायला इथे कोण आहे, ते लिस्टवर कळवा.