ऑस्ट्रेलियाच्या माटिल्डा रणगाड्याला कोणता रंग द्यावा आणि तो आघाडीवर कसा पोहोचत असे?

उदगीरकर

नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुट्टीत मुलाला घेऊन अहिल्यानगरचे रणगाडा संग्रहालय पाहिले, आणि तिथला माटिल्डा हा दुसऱ्या महायुद्धातला ब्रिटिश रणगाडा पाहिल्यापासून १:३५ प्रमाणात त्याची प्रतिकृती करण्याचे मनाने घेतले आहे. मला ती ऑस्ट्रेलियन सैन्याने १९४३ ते १९४५ या काळात न्यू गिनी आणि बोर्निओत वापरलेल्या रणगाड्याची करायची आहे. उत्तर आफ्रिकेतील ब्रिटिश माटिल्डांवर सरळ कडांचे, तिरपे, फिकट दगडी आणि राखाडी पट्टे असत. तेच पट्टे याही रणगाड्यावर चालतील का? दुसरे असे की, जवळपास २७ टनांचे हे धूड एवढ्या अफाट देशातून बंदरापर्यंत आणि पुढे बेटांवर नेत कसे असत? प्रतिकृती रेल्वेच्या उघड्या वाघिणीवर बसवावी, असा माझा बेत आहे.

औरंगपुऱ्यातला रंगारी

ते तिरपे पट्टे कृपया देऊ नका. ते वाळवंटासाठी होते, जिथे रणगाडा मैलभर अंतरावरून, मोकळ्या आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसतो, आणि म्हणून त्याची बाह्यरेषा मोडणे हेच रंगाचे मुख्य काम असते. न्यू गिनीच्या जंगलात तो शत्रूला दहा-पंधरा पावलांवर येईपर्यंत दिसतही नसे. ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरील वाहनांना ‘खाकी ग्रीन ३’ हा मूळ रंग देऊन त्यावर फिकट रंगाचे मोठे, वळणदार पट्टे काढत असत. जंगलातल्या रणगाड्यासाठी मात्र एकच गडद, बिनचमकेचा हिरवा रंग धरावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

या विषयात मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट अशी की, ऑस्ट्रेलियाच्या छद्मावरण (कॅमोफ्लाज) कामाचे तांत्रिक संचालक विल्यम डाकिन हे सैनिक नव्हते, तर सिडनी विद्यापीठातील प्राणिशास्त्राचे प्राध्यापक होते. ज्वारीच्या रानात उभे असलेले हरीण आठवा: पाठ गडद आणि पोट पांढरे असल्यामुळे वरून पडणारे ऊन आणि खालची सावली एकमेकांना खोडून काढतात, आणि जनावर चपटे होऊन रानात मिसळून जाते. वाहनाच्या वरच्या पृष्ठभागांना गडद आणि सावलीत राहणाऱ्या भागांना फिकट रंग देण्यामागे हेच तत्त्व आहे. प्रतिकृतीवर बुरुजाखालच्या सावलीत मूळ रंगात थोडा पांढरा मिसळून एक पातळ हात द्या, म्हणजे फरक लगेच जाणवेल.

चिखलाचा अभ्यास मात्र घराजवळच करा. पावसात काळ्या रानातून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकाकडे पाहिले, तर गाळ आधी कोणत्या खाचांत बसतो, कुठे वाळून त्याची खपली धरते आणि कुठून तो ढेकळासारखा निखळतो, हे कळते. आपली माती काळी आहे, त्यामुळे तिचा रंग मात्र घेऊ नका.

पूर्ण्याचा निवृत्त गार्ड

वाहतुकीबद्दल मी सांगतो, कारण गेज (दोन रुळांमधले अंतर) बदलण्याचा त्रास मराठवाड्याइतका फार थोड्या लोकांनी सोसला असेल. मनमाडला मीटरगेजच्या वाघिणीतला माल ब्रॉडगेजमध्ये भरताना हमालांच्या पाठी मोडत असत, आणि लातूरची बार्शी लाईट रेल्वे तर अवघी ७६२ मिलिमीटरची होती. तिच्यातला माल कुर्डुवाडीला पुन्हा उतरवावा लागे. ऑस्ट्रेलियाची गत युद्धाच्या ऐन काळात हीच होती. व्हिक्टोरियात १६०० मिलिमीटर, न्यू साउथ वेल्समध्ये १४३५ आणि क्वीन्सलँडमध्ये १०६७ मिलिमीटर अशी तीन मापे होती. रणगाडा दलाची मोठी छावणी व्हिक्टोरियातल्या पकापुन्याल येथे होती, तर युद्ध उत्तरेकडे चालले होते. म्हणजे तिथून रेल्वेने क्वीन्सलँडच्या उत्तरेला जायचे, तर एकदा ऑल्बरीला आणि एकदा ब्रिस्बेनला गाडी बदलणे भाग होते. ऑल्बरीजवळ बँडियाना येथे लष्कराचे प्रचंड साठे उभे राहिले, त्यामागे ही गेजची अडचण मोठे कारण होती.

रणगाड्याची एक सोय अशी की, तो कापसाच्या गाठीसारखा पाठीवर न्यावा लागत नाही; उतरणीच्या फलाटावरून तो स्वतःच्या इंजिनाने एका वाघिणीवरून उतरतो आणि दुसरीवर चढतो. अवघड भाग पुढचा आहे. वाघिणीवर तो नेमका मध्यावर उभा राहिला पाहिजे, त्याच्या चाकांभोवतीच्या लोखंडी साखळी-पट्ट्यांपुढे आणि मागे लाकडी ठोकळे ठोकले पाहिजेत आणि साखळदंड ताणून बांधले पाहिजेत, कारण वळणावर बोटभर जरी सरकला तरी एका बाजूच्या स्प्रिंगा दबतात. आपण वाघीण करणार असाल, तर ठोकळे विसरू नका, एवढी कळकळीची विनंती आहे.

औरंगपुऱ्यातला रंगारी

गार्डसाहेबांच्या माहितीला जोडून सांगतो की, खरी कसोटी किनाऱ्यावर लागत असे. डिसेंबर १९४२ मध्ये न्यू गिनीतल्या बुनाच्या लढाईसाठी हलके स्टुअर्ट रणगाडे ओरो बे येथे जहाजातून पडावांवर (मालवाहू होड्यांवर) उतरवून पुढे नेले होते. ऑक्टोबर १९४३ मध्ये न्यू गिनीच्याच किनाऱ्यावर फिनशाफेनजवळ माटिल्डा आले, तेही सपाट तळाच्या उतरण-नौकांतून. १७ नोव्हेंबरला जवळच्या डोंगरावरील सॅटलबर्ग या ठिकाणावर चढाई सुरू झाली. बांबूच्या दाट बनातून एकच वाट वर जात होती, त्यामुळे रणगाडे एकामागे एकच जाऊ शकत, आणि पहिला सुरुंगावर अडला की मागचे सगळे थांबत. २५ नोव्हेंबरला सॅटलबर्ग हाती आले. आफ्रिकेत मागे पडलेला हा संथ रणगाडा इथे कामाला आला, तो त्याच्या ७८ मिलिमीटर जाडीच्या पुढच्या चिलखतामुळे.

उदगीरकर

आपणा दोघांचा मनापासून आभारी आहे. वाघिणीचा बेत मी सोडला आहे. आता नौकेचा पुढचा दरवाजा वाळूवर पडलेला आणि माटिल्डा अर्धा बाहेर आलेला, असा प्रसंग करतो. पट्ट्यांच्या खालच्या कड्या ओल्या आणि वरच्या कोरड्या दाखवायच्या असतील, तर चकाकीचे वॉर्निश चिखलाच्या आधी द्यावे की नंतर, एवढेच आता विचारायचे आहे.

औरंगपुऱ्यातला रंगारी

नंतर द्या, आणि फक्त खालच्या पाच-सहा कड्यांवरच द्या.