कोस्टा रिकातली टाचणी (चतुरासारखा नाजूक कीटक) कशी ओळखायची?

प्रश्न: रंकाळ्यावरच्या टाचण्या मी तीस वर्षं बघतोय. आता भाचीनं कोस्टा रिकाच्या जंगलातून फोटो पाठवलाय. पंख पसरले की जवळजवळ वीतभर, टोकाकडं रुंद गडद निळा पट्टा. एवढी मोठी टाचणी असते?

उत्तर: असते, दादा! ही मेगॅलोप्रेपस. पंखविस्तार १९ सेंमीपर्यंत जातो. झाडाच्या ढोलीत साचलेल्या पाण्यात अंडी घालते, जाळ्यातला कोळी अलगद उचलून खाते. पंखांच्या फक्त टोकालाच रंग असता तर मेसिस्टोगॅस्टर ही दुसरी टाचणी बघा म्हटलं असतं.

प्रश्नकर्ता: पट्टाच आहे, ताई! दुसरी ओढ्यावरची, पंखांच्या बुडाशी लालभडक.

उत्तर: हेटेरिना, नर. नेमकी जात ठरवायला शेपटीच्या टोकाचे चिमटे दिसायला हवेत. भाचीला वरून आणि बाजूनं, अगदी जवळून फोटो काढायला सांगा.