एकदा तरी खेळून बघावेत असे व्हिडिओ गेम सुचवा (अगदी नवख्या माणसासाठी)

पानगळ

पुस्तकं आणि सिनेमे यांत आयुष्य गेलं, पण व्हिडिओ गेमच्या वाटेला कधी गेले नाही. घरातली मुलं खेळतात तेव्हा मागे बसून बघते. त्यांच्यातलं कुणी एखादा गेम संपवतं आणि मग बराच वेळ काही न बोलता बसून राहतं. अशा वेळी वाटतं, इथे काहीतरी आहे आणि ते बाहेरून बघणाऱ्याला दिसत नाही.

म्हणून विचारते. प्रत्येकाने निदान एकदा अनुभवावेत असे गेम कोणते? ‘सर्वोत्तम १००’ छापाच्या याद्या चाळून झाल्या. त्यातले बरेचसे गेम पन्नास-शंभर तासांचे, आणि का खेळायचा याचं उत्तर ‘जबरदस्त आहे’ एवढंच. माझ्याकडे साधा लॅपटॉप आणि फोन आहे. बोटं चपळ नाहीत. नुसती मारामारी नको. नावासोबत कारणही लिहा आणि शेवट फोडू नका, एवढीच विनंती.

रानवाट

‘सर्वोत्तम’ आणि ‘प्रत्येकाने एकदा तरी’ या दोन वेगळ्या याद्या आहेत, आणि नवख्या माणसाची फसगत तिथेच होते. माझी कसोटी साधी आहे. गोष्ट कुणी तोंडी सांगितली तरी जो गेम जवळपास तेवढाच पोचतो, तो तुम्ही सोडून द्या. त्याच्याहून चांगल्या गोष्टी तुम्ही वाचलेल्या असणार. जो स्वतःच्या हाताने केल्याशिवाय कळतच नाही, तो खेळा.

सुरुवात फोनवरच करा: ‘फ्लॉरेन्स’, २०१८ चा. अर्ध्या-पाऊण तासात संपतो. एक तरुण मुलगी, एक चेलो वाजवणारा मुलगा, त्यांचं प्रेम. गोष्ट म्हणून यात नवीन काही नाही. पण पहिल्या भेटीत ती बोलते तेव्हा तिच्या संवादाचा फुगा रिकामा असतो आणि तो तुम्हाला तुकडे जुळवून भरावा लागतो. सुरुवातीला तुकडे बरेच असतात, जुळवायला वेळ लागतो. भेटी वाढतात तसे तुकडे कमी होत जातात. ओळख वाढली की बोलणं सोपं होतं, हे कुठेही लिहिलेलं नाही; तुमच्या बोटांना ते जाणवतं. पुढे भांडण होतं तेव्हा तुकड्यांना टोकं आलेली असतात. तो राहायला येतो तेव्हा त्याच्या वस्तूंना जागा करायची म्हणून तिची कुठली वस्तू फडताळावरून उचलायची, हे तुम्ही ठरवता. एवढ्यावरून माझं म्हणणं लक्षात येईल.

दुसरा ‘पेपर्स, प्लीज’, २०१३ चा. लुकस पोप या माणसाने जवळजवळ एकट्याने केलेला. साल १९८२, आर्स्टोट्झ्का नावाचा काल्पनिक देश, आणि तुम्ही सीमेवरच्या चौकीत बसलेले कारकून. समोर रांग. पासपोर्ट बघायचा, तारीख बघायची, फोटो जुळतो का बघायचं आणि शिक्का मारायचा. नियम दररोज बदलतात. पगार तपासलेल्या माणसांच्या संख्येवर. चुका झाल्या की आधी ताकीद, मग दंड. संध्याकाळी हिशोब समोर येतो: घरभाडं, जेवण, शेकोटीचं इंधन, आजारी मुलाचं औषध. सगळं एकाच पगारात बसत नाही.

आणि मग एक माणूस येतो. त्याची कागदपत्रं चोख. जाताना तो सांगतो, मागे माझी बायको आहे, तिच्याशी नीट वागा. बायको येते, तिच्याकडे एक परवाना कमी असतो. इथे लेखक तुम्हाला कारकुनाचं मन उलगडून सांगत नाही. शिक्का तुमच्या हातात असतो. नोकरशाहीतला क्रूरपणा कुठून येतो यावर तुम्ही पुष्कळ वाचलं असेल. घाईत, दंडाच्या भीतीने, पुढच्या माणसाकडे न बघता लाल शिक्का आपणच मारतो, हे मात्र इथेच कळतं. साध्या लॅपटॉपवर चालतो, बोटांची चपळाई लागत नाही, नजर लागते.

तिसरा ‘जर्नी’, २०१२. दोनेक तासांचा. वाळवंट, लांब डोंगराच्या माथ्यावर उजेड, आणि अंगरखा घातलेले तुम्ही. एक शब्द नाही. वाटेत तुमच्यासारखंच कुणीतरी दिसतं. तो जगात कुठेतरी बसून त्याच क्षणी खेळणारा खराखुरा माणूस असतो. त्याचं नाव कळत नाही, बोलता येत नाही, लिहिता येत नाही; एक सूर काढता येतो, तेवढाच. त्याच्याजवळ गेलं की दोघांच्याही गळपट्ट्यात उडण्याची शक्ती परत भरते. म्हणजे सोबत चालणं हेच फायद्याचं. एरवी अनोळखी माणसं गेममध्ये एकमेकांना शिव्या देतात. इथे करणाऱ्यांनी ती सोयच ठेवली नाही, आणि माणसं एकमेकांसाठी थांबायला लागली. ऑस्टिन विंटरी यांचं संगीत ग्रॅमीच्या पार्श्वसंगीत विभागात नामांकनापर्यंत गेलं होतं. गेमच्या संगीताला तिथे मिळालेलं ते पहिलं नामांकन.

चौकट

रानवाट यांची कसोटी मान्य, पण त्या कसोटीवर पहिलं नाव टेट्रिसचं यायला हवं. गोष्टच नाही, त्यामुळे तोंडी सांगण्यासारखं काही उरतच नाही!

१९८४ साली मॉस्कोत अलेक्सेई पाजित्नोव यांनी इलेक्ट्रॉनिका ६० या संगणकावर तो लिहिला. त्या यंत्राला चित्रं काढता येत नव्हती, म्हणून ठोकळे कंसाच्या चिन्हांनी बनवले होते. चार चौकोन एकमेकांना जोडायचे तर आकार सातच होतात. तेच सात आकार आजही पडत आहेत. पानगळ, हा तुम्ही कुणाच्या तरी फोनवर थोडाफार खेळला असाल, तरी एकदा नीट बसून खेळा. काही वेळाने तुम्ही विचार करणं थांबवता आणि हात आपोआप आकार फिरवायला लागतात. उजवीकडच्या चौकटीत पुढचा ठोकळा दिसतो, त्याच्याकडे बघायची सवय लावा. खेळाची खरी मजा त्या एका पावलाच्या आगाऊ विचारात आहे.

दुसरं नाव ‘पोर्टल’, २००७. भिंतीवर एक दार काढायचं, दुसऱ्या भिंतीवर दुसरं. एकातून शिरलं की दुसऱ्यातून बाहेर. एवढंच हत्यार, आणि त्याने कुणाला मारायचं नाही. उंचावरून उडी मारून जमिनीवरच्या दारात पडलात तर तोच वेग घेऊन भिंतीतल्या दारातून आडवे फेकले जाता. हे मुख्यतः स्वतः करूनच कळतं. खोल्यांची रचनाच अशी केली आहे की एका खोलीत कळलेली गोष्ट पुढच्या खोलीत वापरावी लागते. इतकं चांगलं शिकवणं मी फार थोड्या ठिकाणी पाहिलं आहे. मूळ कल्पना काही विद्यार्थ्यांच्या ‘नार्बाक्युलर ड्रॉप’ नावाच्या गेममधली. व्हॉल्व्ह कंपनीने त्या चमूलाच नोकरीवर घेतलं. तीन-चार तासांत संपतो, जुन्या लॅपटॉपवरही धावतो.

निशाचर

धाग्याचं शीर्षक अक्षरशः घ्यायचं तर एकच उत्तर आहे: ‘आउटर वाइल्ड्स’, २०१९. कारण तो खरोखरच आयुष्यात एकदाच खेळता येतो.

छोटीशी सूर्यमाला, एक लाकडी यान, आणि दर बावीस मिनिटांनी सगळं पुन्हा पहिल्यापासून. शस्त्र नाही, गुण नाहीत, ताकद वाढवणं नाही. शेवटाकडे न्यायला जे लागतं ते पहिल्या मिनिटापासून तुमच्या हाताशी असतं. तुम्हाला फक्त ते माहीत नसतं. एका ग्रहावर वाचलेली ओळ दुसऱ्या ग्रहावरचं दार उघडते, कारण आता तुम्हाला कळलेलं असतं. कळलेलं विसरता येत नाही, म्हणून दुसऱ्यांदा खेळायला काही उरत नाही. याबद्दल इंटरनेटवर एक अक्षरही शोधू नका, मुलांनाही विचारू नका.

अडचणी सांगतो. वीस तासांच्या आसपास लागतात, लॅपटॉप जरा बरा लागतो, आणि यान उडवणं सुरुवातीला त्रासदायक आहे. तेव्हा आधी ‘पोर्टल’ करा.

तोवर ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’ घ्या. हाही लुकस पोप यांचाच, २०१८ चा. १८०७ साली एक रिकामं जहाज बंदरात परत येतं. जहाजावरच्या ६० माणसांपैकी प्रत्येकाचं नाव काय आणि त्याचं काय झालं, हे तुम्ही विम्यासाठी नोंदवायचं. तीन जणांचं उत्तर बरोबर आलं की मगच गेम तसं सांगतो, त्यामुळे अंदाजाने ठोकून भागत नाही. बुटांवरून, बोलण्याच्या ढंगावरून, कोण कुणाच्या शेजारी झोपतो यावरून माणसं ओळखायची. रहस्यकथा आवडत असतील तर चुकवू नका.

खडी चढण

सगळे सोपे गेम सुचवत आहेत, म्हणून विरुद्ध बाजू मांडतो. सिनेमा तुम्हाला ‘अजून तयारी झाली नाही, पुढे जाता येणार नाही’ असं कधी म्हणत नाही. गेम म्हणतो. अडकणं, पुन्हा पुन्हा हरणं आणि मग त्याच जागेतून हात सरावाने सहज पार होणं, हा अनुभव याच माध्यमाचा आहे. तो वगळला तर प्रश्नाचं उत्तर अपुरं राहतं. म्हणून ‘डार्क सोल्स’ (२०११). पहिला मोठा राक्षस पडतो तेव्हा राक्षस तोच असतो, बदललेले तुम्ही असता.

रानवाट

मुद्दा शंभर टक्के पटला, नाव पटलं नाही. ज्याने कंट्रोलर (दोन्ही हातांत धरून गेम खेळायचं बटणांचं यंत्र) कधी धरला नाही त्याला डाव्या अंगठ्याने चालणं आणि उजव्या अंगठ्याने बघणं एकत्र जमायलाच काही दिवस जातात. तिथे ‘डार्क सोल्स’ दिला तर हरण्याचं कारणच समजणार नाही, आणि कारण समजल्याशिवाय हरण्यात शिकणं नाही.

तोच अनुभव ‘सेलेस्ट’मध्ये (२०१८) आहे. एक मुलगी डोंगर चढते, बस. उडी, हवेतली झेप, भिंतीला धरणं, एवढ्याच हालचाली. पडलात की क्षणात त्याच पडद्याच्या सुरुवातीला परत, त्यामुळे राग साचत नाही. शिवाय त्यात मदतीची सोय आहे: गेमचा वेग टप्प्याटप्प्याने कमी करता येतो, दम न संपण्याची सवलत घेता येते. पानगळ, ती सवलत बिनधास्त घ्या. वेग कमी केला तरी तुमच्यासाठी तो चढ तेवढाच खडा राहतो.

खडी चढण

सेलेस्ट चालेल. त्याला माझं पूर्ण अनुमोदन.

पारवा

‘मारामारी नको’ म्हणालात म्हणून: ‘धिस वॉर ऑफ माइन’, २०१४, पोलंडमधल्या ११ बिट स्टुडिओजचा. युद्ध आहे, पण तुम्ही सैनिक नाही. वेढ्यात अडकलेली साधी माणसं. बोस्नियातल्या युद्धात सारायेव्हो शहराला पडलेल्या वेढ्यावरून सुचलेला. दिवसा घर सांभाळायचं, रात्री कुणालातरी औषधं, लाकूड, अन्न शोधायला पाठवायचं. एका घरात म्हातारं जोडपं राहतं आणि त्यांच्याकडे भरपूर औषधं आहेत. पुढे काय ते तुम्ही ठरवा. पोलंडने २०२० मध्ये शाळकरी मुलांच्या शिफारस केलेल्या साहित्यात त्याचा समावेश जाहीर केला. मन हलकं असेल त्या दिवशीच सुरू करा.

पानगळ

सगळ्यांचे मनापासून आभार. ‘फ्लॉरेन्स’ काल रात्रीच संपवला. भांडणाच्या प्रसंगात टोकदार तुकडे आले तेव्हा मी घाईघाईने जुळवत होते. समोरच्याच्या आधी आपलं म्हणणं पूर्ण व्हावं म्हणून! लक्षात आलं तेव्हा हात थांबला. रानवाट यांची कसोटी आता नीट समजली.

दोन प्रश्न. मुलाने ‘पोर्टल’ पाच मिनिटं चालवून दाखवला आणि मला मळमळायला लागलं. यावर उपाय आहे का? आणि मुलांबरोबर खेळता येईल असं काही?

चौकट

मळमळ अनेकांना होते. डोळ्यांना हालचाल दिसते आणि शरीर जागचं हलत नाही, त्याचा तो गोंधळ असतो. सेटिंगमध्ये दृष्टिक्षेत्राचा (पडद्यावर किती रुंद दृश्य दिसतं त्याचा) आकडा असेल तर तो वाढवा. धूसरपणा आणि कॅमेऱ्याचं हलणं बंद करता येत असेल तर करा. खोलीत दिवा लावा, पडद्यापासून लांब बसा. मुख्य म्हणजे दुसऱ्याचं खेळणं बघू नका, स्वतः चालवा. मान कधी वळणार हे आपल्याला माहीत असलं की त्रास बराच कमी होतो. मळमळ सुरू झाली की लगेच थांबा, रेटू नका. एवढं करूनही जमलं नाही तर पोर्टल आणि आउटर वाइल्ड्स सोडून द्या. ओब्रा डिनही त्याच नजरेतून दिसतो, पण संथ आहे. तो करून बघा.

निशाचर

मुलांबरोबर ‘इट टेक्स टू’, २०२१. दोघांशिवाय खेळताच येत नाही, पडदा दोघांत वाटलेला असतो आणि प्रत्येक टप्प्यात दोघांना वेगवेगळी अवजारं मिळतात. एकाने खिळा मारायचा, दुसरीने हातोडीने लटकायचं, असं. उड्या बऱ्याच आहेत, पण तुम्ही पडलात तरी जोडीदार उभा असेल तोवर पुन्हा लगेच येता. मात्र गोष्ट घटस्फोटाच्या उंबरठ्यावरच्या आईबाबांची आहे. मुलं लहान असतील तर आधी विचार करा.

पारवा

किंवा मुलांच्या माइनक्राफ्टमध्ये, म्हणजे ठोकळ्यांनी जग बांधायच्या गेममध्ये, पाहुण्या म्हणून जा. ३० कोटींहून अधिक प्रती विकल्या गेलेला गेम आहे, घरात असण्याची शक्यता मोठी. नियम वाचू नका. त्यांना म्हणा, तुम्ही बांधलेलं मला दाखवा. नंतर स्वतःचं नवं जग उघडून पहिली रात्र एकटीने काढा. सूर्य मावळताना डोक्यावर छप्पर नसणं काय असतं, ते कळेल.

पानगळ

लॅपटॉपवर पुढचा ‘पेपर्स, प्लीज’, मग ‘जर्नी’. ‘जर्नी’ला कंट्रोलर घ्यावाच लागेल का?

रानवाट

कीबोर्ड-माउसवर चालतो, पण कंट्रोलर असेल तर घ्या. वाळूवरून घसरताना फरक पडतो. मुलांचा असेल तोच लॅपटॉपला जोडा. इंटरनेट चालू ठेवा, नाहीतर वाटेत कुणी भेटणारच नाही. आणि एका बैठकीत संपवता येईल असा वेळ काढा, मध्ये उठलात तर सोबतचा माणूस निघून जातो.