ज्याच्या हातात फोन, त्याचाच प्रॉस्पेक्ट?

(घरच्या फँटसी बेसबॉल लीगचा ग्रुप: खऱ्या खेळाडूंच्या आपापल्या कागदी टीम. प्रॉस्पेक्ट म्हणजे वर येऊ घातलेला तरुण खेळाडू.)

मी: शनिवारी ड्राफ्ट (खेळाडूंची निवड) आहे, त्याआधी एक विषय काढतो. आपला फ्री एजंटचा, म्हणजे कुणाच्याच टीममध्ये नसलेल्या खेळाडूचा, नियम बदलायला हवा. मायनर लीगमधला (खालच्या स्तरावरचा) पोरगा वर मेजर लीगमध्ये बोलावला की जो आधी बटण दाबेल त्याचा, हे मला पटत नाही. या नियमाचा सगळ्यात जास्त फायदा मलाच झालाय, म्हणून मीच बोलतोय. २०२३ ला एली दे ला क्रूझ मला मिळाला, २०२४ ला पॉल स्कीन्स. दोन्ही वेळा मी घरून काम करत होतो आणि फोन समोर होता. बाकी काही केलं नव्हतं.

दादा (डॅलस): मग घेतलास ते घेतलास. लक्ष ठेवणं हाही खेळाचाच भाग आहे. नियम सगळ्यांना सारखाच होता की.

वहिनी (सिॲटल): सारखा कसा, दादा? माझी बारा तासांची ड्यूटी. वॉर्डात असताना फोन लॉकरमध्ये. मी तर प्रॉस्पेक्टची नावं वाचणंच सोडून दिलंय, कारण मिळणार नाहीतच.

काका (पुणे): तुझ्या न्यू जर्सीत दुपारचे तीन म्हणजे इथे रात्रीचे साडेबारा. सकाळी चहा घेताना बघावं तर पोरगा गेलेला असतो.

दादा (डॅलस): खऱ्या बेसबॉलमध्ये तरी कुठे न्याय आहे? २०१५ ला शिकागो कब्ज टीमने क्रिस ब्रायंटला १७ एप्रिलपर्यंत खालीच ठेवलं. मेजर लीगमध्ये १७२ दिवस भरले की वर्ष पूर्ण धरतात, त्याचे भरले १७१. एका दिवसापायी फ्री एजंट (हव्या त्या टीमशी करार करायला मोकळा) व्हायला त्याला वर्षभर जास्त थांबावं लागलं. तक्रार केली, तीही २०२० मध्ये फेटाळली.

मी: दादा, उदाहरण बरोबर आहे, पण मला त्यात उलटं दिसतं. ब्रायंट खाली बसला होता तेव्हाही कब्जचाच होता. त्यांनी त्याला २०१३ च्या ड्राफ्टमध्ये निवडला होता. तो वर येतोय म्हटल्यावर दुसरी टीम धावत येऊन त्याला उचलू शकत नव्हती. ही पळापळ खऱ्या खेळात कुठेच नाही, ती आपण आणलीय. शिवाय तिथे ओरड झाल्यावर २०२२ च्या करारात बदल झालेच. स्कीन्स ११ मे ला पहिली मॅच खेळला, तरी रूकी ऑफ द इयर (वर्षातला सर्वोत्तम नवखा) ठरल्यामुळे त्याचं पूर्ण वर्ष धरलं गेलं.

आता मला जे खरं टोचतंय ते सांगतो. दिवाळीत ताईकडे इंडियानापोलिसला गेलो होतो तेव्हा भाच्याने त्याची स्कोअरची वही दाखवली. स्कीन्स तिथल्या ट्रिपल-ए (मायनर लीगची सगळ्यात वरची पायरी) टीममध्ये असताना हा व्हिक्टरी फील्डवर जाऊन एकेक चेंडू लिहीत होता. स्ट्राइकआऊटचा (तीन स्ट्राइकने बॅटर बाद) के निळ्या पेनाने, आणि बॅटर नुसता बघत उभा राहिला असेल तर उलटा के, लाल पेनाने. काही पानांवर लालच जास्त. शेवटी बेरीज मांडलीय: २७.१ इनिंग, ४५ स्ट्राइकआऊट. सुरुवातीला पिट्सबर्गवाले (त्याची मेजर लीगची टीम) त्याला तीन-तीनच इनिंग टाकू देत होते, तेही समासात लिहिलंय आणि खाली बाण काढून ‘मे मध्ये वर नेणार’. एप्रिलमध्ये लिहिलेलं आहे ते.

आणि नेलाच मे मध्ये. ८ मे ला बातमी आली, बुधवार होता. शाळेच्या दिवशी त्याला फोन रात्री आठनंतर मिळतो. तोवर स्कीन्स माझ्या टीममध्ये होता. मी त्याचा एकही चेंडू पाहिलेला नव्हता. वही बघताना मला फार वाईट वाटलं.

ताई (इंडियानापोलिस): तो तुला काही बोलला नाही, पण त्या रात्री जेवला नव्हता.

मी: म्हणून मला असं सुचतंय. प्रत्येकाला सीझनभरासाठी १०० डॉलरचं कागदी बजेट. पोरगा वर आला की रविवारपर्यंत लॉक. ज्याला हवा त्याने गुप्त बोली लावायची आणि रविवारी रात्री दहाला आमच्या वेळेने सगळ्या बोल्या एकदम उघडायच्या. सिॲटलला तेव्हा संध्याकाळचे सात, पुण्यात सोमवारी सकाळचे साडेसात. बोली सारखी आली तर गुणतक्त्यात खाली असलेल्या टीमला. शिवाय प्रत्येकाला मायनरमधल्या पोरांसाठी दोन राखीव जागा, म्हणजे ज्याने आधी ओळखलं त्याला तो आधीच धरून ठेवता येईल.

काका (पुणे): राखीव जागांचं बघ हं. चांगली पोरं दोन-दोन वर्षं कुलपात राहतील. उद्या कुणी नवीन आला तर त्याला काय उरणार?

मी: हे बरोबर आहे, काका. मग अशी जागा एका पोरासाठी एकच सीझन. तेवढ्यात वर नाही आला तर सोडायचा.

वहिनी (सिॲटल): बोलीत पैसे वाया गेले तर? जॅक्सन हॉलिडे २०२४ च्या एप्रिलमध्ये आला तेव्हा मी सगळे शंभर लावले असते. बॅटिंगच्या ३४ प्रयत्नांत २ हिट, आणि परत खाली.

मी: जातील वाया, वहिनी. पण ती तुमच्या अंदाजाची चूक असेल, ड्यूटीची नाही.

दादा (डॅलस): ठीक आहे, बोली मान्य. राखीव जागा मात्र सध्या एकच ठेवू, वर्षभर बघू.

वहिनी (सिॲटल): मान्य.

काका (पुणे): मान्य. झोपतो आता.

भाचा (इंडियानापोलिस): मामा आत्ता वाचलं सगळं. स्कीन्स परत नको, तू ठेव. पण राखीव जागेत जुलैच्या ड्राफ्टमधला पोरगा त्याच दिवशी घेता येईल का? की खाली पहिली मॅच खेळल्यावर? स्कीन्सचं नाव मी ड्राफ्टच्या दिवशीच लिहिलं होतं, ९ जुलै २०२३.

मी: त्याच दिवशी. नियमात तसंच लिहितो.

भाचा (इंडियानापोलिस): आणि ती जागा बोलीने की आधी येईल त्याला?

मी: बोलीने. तीही रविवारीच.