शाळेतील सकाळच्या नाश्त्यासाठी मार्गदर्शन हवे आहे

आमच्या जिल्हा परिषद शाळेतील बरीच मुले वीटभट्टी कामगारांची असून, पालक पहाटेच कामावर जात असल्याने ती उपाशीपोटीच परिपाठाला उभी राहतात. शालेय पोषण आहार दुपारी मिळतो. पण तोवरचे तास त्यांना फार जड जातात, आणि ते आम्हाला पाहवत नाही. तमिळनाडूने सप्टेंबर २०२२ मध्ये सरकारी प्राथमिक शाळांत उपमा, खिचडी, पोंगल असा सकाळचा नाश्ता सुरू केला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही, गरम नाश्ता शक्य नसल्यास गुळासोबत शेंगदाणे किंवा चणे द्यावेत, असे सुचवले आहे. शाळा व्यवस्थापन समितीमार्फत लोकसहभागातून असा उपक्रम कोणी चालवला असल्यास, स्वयंपाकी ताईंचे जादा मानधन, गॅस आणि हिशेब यांची व्यवस्था कशी केली, हे कृपया सविस्तर कळवावे.