स्नायूखाली इम्प्लांट, २० दिवस झाले: कशाची वाट बघायची आणि कशाची नाही?

रानजाई

सिलिकॉनचे गुळगुळीत, गोल इम्प्लांट, ३०० सीसी, स्नायूखाली. छेद स्तनाखालच्या घडीत. आज विसावा दिवस. दोन्ही स्तन वर चढल्यासारखे आणि घट्ट, उजवा जरा जास्तच वर. ताप नाही, टाक्यांची रेघ कोरडी. डाव्या स्तनाग्राला स्पर्श कळत नाही, उजव्याला कपडा लागला तरी झोंबतं. हात हलवला की आत पाणी डुचमळल्यासारखा आवाज येतो. कालपासून डाव्या स्तनाखाली पोटाकडे उतरणारी, दोरीसारखी ताठ शीर हाताला लागते. हात वर केला की ओढ बसते. तपासणी दहा दिवसांनी आहे. तोवर यातलं काय चालून जाईल? आणि मसाज करायचा की नाही? दोन ठिकाणी दोन उत्तरं मिळाली.

कातरवेळ

वर चढलेले आणि घट्ट असणं तिसऱ्या आठवड्यात अपेक्षितच आहे. छातीचा मोठा स्नायू आखडलेला असतो आणि तो इम्प्लांटला वर दाबून धरतो. तो सैल पडला, खालची कातडी ताणली गेली की इम्प्लांट उतरतो. याला साधारण ३ ते ६ महिने लागतात. स्नायूवर बसवलेले लवकर उतरतात. दोन्ही बाजू एकाच वेगाने उतरत नाहीत, आणि ज्या हाताने जास्त कामं होतात ती बाजू अनेकदा मागे राहते. मोठी सूज ३ ते ६ आठवड्यांत जाते, उरलेली रेंगाळते. त्यामुळे आकाराचा निकाल सहा महिन्यांआधी लावू नका.

आवाज कप्प्यात (इम्प्लांटसाठी केलेल्या पोकळीत) उरलेल्या हवेचा आणि थोड्या द्रवाचा असतो. शरीर दोन्ही शोषून घेतं, काही आठवड्यांत थांबतो.

स्तनाग्राची संवेदना मुख्यतः चौथ्या बरगडीखालून येणाऱ्या मज्जातंतूच्या फांद्यांमुळे असते. कप्पा करताना त्या ताणल्या जातात, म्हणून एकीकडे बधिर आणि दुसरीकडे झोंबणं हे एकाच कारणाचे दोन परिणाम. अधूनमधून विजेसारखी कळ येऊ लागली तर घाबरू नका, मज्जातंतू जागे होत असल्याची ती खूण असते. सुधारणा महिन्यांनी मोजायची, कधी वर्षही लागतं. काहींची संवेदना कायमची कमी राहते, हेही खरं.

ओलीसुकी

दोरीबद्दल. वर्णनावरून मॉन्डॉरचा आजार वाटतो: कातडीलगतच्या शिरेत गुठळी होऊन ती ताठरते. घडीतल्या छेदानंतर दुसऱ्या ते सहाव्या आठवड्यात दिसणारी, ठरावीक जागेची गोष्ट. ही गुठळी पायातल्या खोल शिरेच्या गुठळीसारखी फुप्फुसाकडे सरकणारी नव्हे. ४ ते ६ आठवड्यांत बहुतेक वेळा आपोआप विरते. तरी फोटो काढून सर्जनना आजच पाठवा, दहा दिवस थांबू नका. निदान त्यांनीच पक्कं करायचं.

कोमट शेकाने दुखणं कमी होतं, पण डावी बाजू बधिर आहे हे विसरू नका. बधिर कातडीला चटका कळत नाही. गरम पाण्याची पिशवी किंवा बर्फ थेट ठेवल्याने तिथे भाजल्याची उदाहरणं आहेत. कापड कोमट पाण्यात भिजवून, आधी मनगटावर लावून बघा. आणि ती दोरी चोळून मोडायला जाऊ नका.

सुईदोरा

वरच्या दोघांशी सहमत. माझा भर एकाच गोष्टीवर: हळूहळू, दोन्हीकडे, दिवसागणिक कमी होणारा त्रास थांबून बघता येतो. एकाच बाजूला, अचानक वाढणारा त्रास थांबून बघायचा नसतो.

एक स्तन काही तासांत फुगून टणक झाला, काळानिळा पडला, तर आत रक्त साचतंय. हे बहुतेक पहिल्या दोन दिवसांत होतं, पण तिसऱ्या आठवड्यात जड उचललं तरी होऊ शकतं. गोळ्यांनी भागत नाही, थिएटरमध्ये नेऊन रक्त काढावं लागतं. साचलेलं रक्त तसंच राहिलं तर पुढे कॅप्सूल (इम्प्लांटभोवती शरीर तयार करतं ते आवरण) आवळण्याचा धोका वाढतो.

३८ अंश सेल्सिअसवर ताप, पसरत जाणारी लाली, कमी झालेलं दुखणं पुन्हा वाढणं, टाक्यांतून पाणी किंवा पू: त्याच दिवशी दाखवा. दुकानातून अँटिबायोटिक आणून घेऊ नका. इम्प्लांटला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो, त्यामुळे त्याच्या पृष्ठभागावर थर करून बसलेल्या जंतूंपर्यंत औषध नीट पोचत नाही. वरची लाली मात्र उतरते आणि निदान लांबतं. संसर्ग आटोक्यात आला नाही तर इम्प्लांट काढून काही महिन्यांनी नवा बसवावा लागतो.

दम लागणं, श्वास घेताना छातीत कळ, एकाच पोटरीला सूज: सर्जनच्या फोनची वाट न बघता थेट इमर्जन्सीत.

सहा आठवडे तारेची ब्रा नको, तार नेमकी टाक्यांच्या रेघेवर बसते. तंबाखू, सिगारेट आणि निकोटिनचं च्युइंगमसुद्धा बंद. रक्तवाहिन्या आकसल्या की टाके उसवतात.

रानजाई

फोटो पाठवला, उद्या बोलावलंय. घट्टपणा सुजेचा की कॅप्सूलचा, हे कसं ओळखायचं? आणि मसाज?

कातरवेळ

सुजेचा घट्टपणा कमी होत जातो, कॅप्सूलचा मऊ झाल्यानंतर परत येतो. कॅप्सूल प्रत्येकीच्या शरीरात तयार होतेच, परक्या वस्तूभोवतीचं ते पातळ आवरण. ते आवळू लागलं की त्रास. बेकरच्या चार पायऱ्या आहेत: पहिलीत स्तन मऊ, दुसरीत हाताला किंचित टणक, तिसरीत आकार बिघडलेला दिसतो, चौथीत दुखतंही. तिसरी-चौथी असेल तर बहुधा पुन्हा शस्त्रक्रिया. विसाव्या दिवशी मात्र हा संशय घेण्यात अर्थ नाही.

मसाजने कॅप्सूलचं आवळणं टळतं याचा पुरावा कच्चा आहे. गुळगुळीत इम्प्लांटला काही सर्जन करायला सांगतात, काही नाही, म्हणून दोन उत्तरं. खरखरीत किंवा थेंबाच्या आकाराच्या इम्प्लांटला करायचा नसतो, तो जागेवरच राहायला हवा. तुमच्या बाबतीत शिरेचा प्रश्न मिटेपर्यंत तरी नको.

सुईदोरा

एक लांबचं. सिलिकॉन इम्प्लांट फाटला तरी बाहेरून अनेकदा काहीच कळत नाही. अमेरिकेच्या एफडीएची (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेची) शिफारस: ५-६ वर्षांनी पहिली सोनोग्राफी किंवा एमआरआय, मग दर २-३ वर्षांनी. वर्ष उलटून गेल्यावर एका बाजूला पाणी भरून सूज आली तर ते पाणी तपासायला पाठवलंच पाहिजे, त्यात सीडी३० ही चाचणी मागा. इम्प्लांटशी संबंधित एक दुर्मीळ लिम्फोमा (रोगप्रतिकारक पेशींचा कर्करोग) असाच उघड होतो. तो मुख्यतः खरखरीत इम्प्लांटशी जोडला गेलाय (२०१९ मध्ये ॲलर्गन कंपनीने आपले बायोसेल जातीचे खरखरीत इम्प्लांट जगभरातून परत मागवले ते यामुळेच). तुमचे गुळगुळीत आहेत, पण उद्या जाताय तर इम्प्लांटचं कार्ड मिळालंय का बघा. कंपनी, मॉडेल, सिरियल नंबर, दोन्ही बाजूंचे वेगळे. मॅमोग्राफीच्या वेळी इम्प्लांट असल्याचं आधी सांगावं लागतं, तेव्हाही ते लागेल.