मदत हवी आहे: सहकारी प्राध्यापकांना ऑनलाइन कोर्स चालवायला तयार कसं करू?

नमस्कार मंडळी,

मी तालुक्याच्या गावातल्या एका कला-वाणिज्य महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते. पुढच्या सत्रात आमच्याकडे ३० तासांचे काही सर्टिफिकेट कोर्स संपूर्ण ऑनलाइन चालवायचं ठरलंय. मूडल (ऑनलाइन कोर्स चालवायचं सॉफ्टवेअर) सर्व्हरवर बसवून झालंय. उरलेलं काम, म्हणजे वीसेक सहकाऱ्यांना तयार करणं, माझ्या गळ्यात आलंय, कारण काय तर कोविडात माझे झूमवरचे तास बरे चालले होते. (नॅकचं, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाचं, वर्ष आहे, नाही म्हणायची सोय नाही.)

दिवाळीच्या सुट्टीत सोमवार ते शनिवार, रोज अर्धा दिवस मिळेल. वरून आलेलं वेळापत्रक असं: मूडलची ओळख, स्क्रीन रेकॉर्डिंग, एडिटिंग, क्विझ, एआय टूल्स, आणि शनिवारी प्रमाणपत्र वाटप. मला हे पटत नाहीये. आमच्या एका ज्येष्ठ सरांनी हौसेने नमुना व्हिडिओ केला, तो बघा म्हणजे कळेल. लांबी ४८ मिनिटं. सुरुवातीची तीन मिनिटं 'आवाज येतोय ना?' मग स्लाइडवरचं वाक्य न् वाक्य वाचून दाखवलंय, आणि दर पाच मिनिटांनी कॅमेऱ्याकडे बघून 'समजलं?' विचारून दोन सेकंद थांबलेत. वर्गात हेच सर मुलांना खिळवून ठेवतात. त्यांना रेकॉर्डिंग उत्तम येतं, म्हणजे अडचण तिथे नाहीच.

मुलांची बाजू: सगळे मोबाइलवर, लॅपटॉप दोन-चार जणांकडे. बरेच जण दुपारी कामाला जातात, अभ्यास रात्री नऊनंतर. रोजचा दीड-दोन जीबी डेटा असतो आणि तो रात्रीपर्यंत पुरत नाही.

तर सहा अर्ध्या दिवसांत नेमकं काय शिकवावं आणि काय सरळ सोडून द्यावं? ज्यांनी हे प्रत्यक्ष केलंय त्यांनी लिहा प्लीज. यूट्यूबच्या लिंका नकोत, त्या ढीगभर आहेत.

– माजघर

---

जुना_मूडलकर

माजघर, पहिले तीन दिवस रद्द करा. बटणं कुठे आहेत हे माणूस गरज पडली की अर्ध्या तासात शिकतो.

त्याऐवजी सुट्टीच्या आधी दहा-बारा दिवस तुमच्याच मूडलवर एक छोटा कोर्स उघडा आणि सगळ्या सहकाऱ्यांना त्यात विद्यार्थी म्हणून घाला. विषय कुठलाही चालेल. अट एकच, सगळं मोबाइलवरून करायचं. एक व्हिडिओ, एक वाचन, एक चर्चा, एक असाइनमेंट, मुदत रविवार रात्री अकरा. निम्मे लोक शनिवारपर्यंत लॉगिन करणार नाहीत. 'नेमकं काय सबमिट करायचं ते कळलं नाही' असे फोन येतील. येऊ द्या, आणि सगळे लिहून ठेवा. सोमवारी कार्यशाळा त्या यादीवरूनच सुरू करायची. आपल्या मुलांना काय होतं ते मग वेगळं समजावावं लागत नाही.

चर्चेसाठी मूडलमधला 'क्यू अँड ए' प्रकारचा फोरम घ्या. त्यात स्वतःचं उत्तर टाकल्याशिवाय दुसऱ्यांची दिसत नाहीत, आणि टाकल्यावरही एडिटिंगची मुदत (नेहमीच्या सेटिंगला अर्धा तास) संपेपर्यंत थांबावं लागतं. कॉपी-पेस्टला चांगलाच आळा बसतो. प्राध्यापकांच्याही, हो.

आयआयटी मुंबईने शिक्षकांच्या ऑनलाइन प्रशिक्षणासाठी जी पद्धत बसवली, तिच्यातला एक भाग उचलण्यासारखा आहे. छोट्या व्हिडिओत मध्येच थांबून ठोस प्रश्न विचारायचा, 'व्हिडिओ थांबवा, उत्तर वहीत लिहा' असं सांगायचं, आणि पुढे गेल्यावर त्या उत्तराबद्दल बोलायचं. तुमच्या सरांचं 'समजलं?' तिथे बदला. वर्गात ते 'समजलं?' विचारून चेहरे वाचत असणार. कॅमेऱ्याला चेहरा नाही, म्हणून तिथे उत्तर देता येईल असा प्रश्न लागतो.

मग सहा दिवसांत प्रत्येकाने फक्त एक आठवडा बांधायचा, अख्खा कोर्स नाही. शनिवारी वह्या बदलतो तसे आठवडे बदलायचे आणि एकमेकांचे विद्यार्थी व्हायचं.

---

रिकामाफळा

जुना_मूडलकर, तुमचं अर्धं पटलं. 'बटणं अर्ध्या तासात येतात' हे तुमच्यासारख्याला. आमच्याकडे पंचावन्नच्या पुढच्या एका मॅडम व्हिडिओ अपलोड करताना हात थरथरतो म्हणून शिपायाकडून करून घेतात. त्यांना पहिल्या दिवशी शिक्षणशास्त्र सांगाल तर दुसऱ्या दिवशी त्यांचा रजेचा अर्ज येईल. टूल्सचा एक दिवस ठेवाच. तीन-तीनचे गट करा, गटात एक तरुण हात हवा, पण माउस ज्येष्ठांच्याच हातात.

व्हिडिओच्या लांबीबद्दल वाद नको म्हणून सांगतो. एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या साइटवरच्या कोर्सेसमधली सुमारे ६९ लाख व्हिडिओ-सत्रं तपासून २०१४ मध्ये एक अभ्यास आला होता. व्हिडिओ कितीही लांब असला तरी बघणं साधारण सहा मिनिटांच्या पुढे जात नव्हतं. स्टुडिओत पैसे ओतून केलेल्या रेकॉर्डिंगपेक्षा टेबलाशी बसून बोलणारा शिक्षक आणि हाताने लिहीत समजावणं मुलं जास्त वेळ बघत होती. म्हणून एडिटिंगचा दिवस मात्र खुशाल उडवा. ४८ मिनिटांचं कापाकापी करून ६ करायचं नसतं, त्यातल्या एकाच मुद्द्यावर नव्याने सहा मिनिटं बोलायचं असतं.

---

माजघर

दोघांचेही आभार. विद्यार्थी बनवायची कल्पना फारच आवडली, पण प्राचार्यांना कशी विकायची ते बघते.

चर्चेच्या प्रश्नावर अडलेय. कोविडात मी 'महागाई म्हणजे काय? चर्चा करा' असं टाकलं होतं. साठ उत्तरं आली, साठही गाईडमधली. सहकारीही असेच प्रश्न टाकणार. चांगला प्रश्न कसा शिकवायचा?

आणि एक सर म्हणतात, स्वयमवर, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर, सगळं तयार आहे, यूजीसीच्या २०२१च्या नियमांनुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट तिथून घेता येतात, मग आपण कशाला हा उद्योग करायचा?

---

सोमवारपेठ

तुमचाच प्रश्न घेते.

'घरात गेल्या महिन्यात आलेल्या खाद्यतेलाची एका लिटरची किंमत आणि दुकानाचं गाव लिहा. सहा महिन्यांपूर्वी काय होती ते घरच्यांना विचारून लिहा. आता महिन्याच्या खर्चातला साधारण किती हिस्सा खाण्यापिण्यावर जातो ते काढा. तुमच्यापेक्षा वेगळा आकडा असलेल्या एकाला उत्तर द्या: फरक कशामुळे असेल?'

गाईडमध्ये याचं उत्तर नाही. मुलांचे आकडे जमले की आठवड्याच्या शेवटी तुम्ही एकच पोस्ट टाकायची. २०१२ आधारवर्षाच्या ग्राहक किंमत निर्देशांकात (महागाई याच्यावरून मोजतात) खाद्यपदार्थ आणि पेयांचा भार, म्हणजे घरखर्चातला धरलेला हिस्सा, ग्रामीण भागासाठी सुमारे ५४ टक्के होता आणि शहरी भागासाठी सुमारे ३६, आता आपल्या वर्गाचा बघा. तेल महागलं की गावातल्या घराला जास्त का बोचतं, हे मग मुलंच सांगतात. कार्यशाळेत प्रत्येकाकडून त्याच्या विषयाचा असा एक प्रश्न लिहून घ्या आणि दुसऱ्याला द्या. त्याला गूगल करून पाच मिनिटांत उत्तर सापडलं तर प्रश्न परत.

स्वयमवाल्या सरांना सांगा, त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. पण स्वयमच्या कोर्सचे चार भाग असतात: व्हिडिओ, वाचनसाहित्य, चर्चा आणि मूल्यमापन. पहिले दोन तयार मिळतात. देशभरातल्या हजारोंच्या चर्चेत आपल्या मुलाचा मराठीतला प्रश्न कोण बघणार? एनपीटीईएलच्या (स्वयमवरचे आयआयटी वगैरेंचे कोर्स) बारा आठवड्यांच्या कोर्सला सर्वोत्तम आठ असाइनमेंटचे गुण धरतात, म्हणजे मूल चार वेळा घसरलं तरी चालतं, पण पाचव्यांदा घसरण्याआधी फोन करणारा कुणीतरी कॉलेजात लागतो. ती तयारीही याच कार्यशाळेत होऊन जाईल.

माझं खरं भांडण वेळेवर आहे. व्हिडिओ एकदा होतो, उत्तरं रोज द्यावी लागतात. साठ मुलं, आठवड्याला एक असाइनमेंट, प्रत्येकी चार मिनिटं धरली तरी चार तास. हे कार्यभारात धरणार आहेत का, ते आधी लेखी घ्या. नाहीतर तिसऱ्या आठवड्यात सगळे 'गुड' लिहून मोकळे होतील, आणि मी त्यांना दोष देणार नाही.

---

जुना_मूडलकर

सोमवारपेठ यांना +१. भार कमी करायला एक उपाय: साठही जणांना स्वतंत्र शेरा न देता दर आठवड्याला दहा उत्तरं नीट वाचायची आणि सगळ्यांसाठी तीन मिनिटांचा ऑडिओ टाकायचा, 'या वेळी बहुतेकांचं इथे चुकलंय' असा. ऑडिओला डेटाही कमी लागतो. पुढच्या आठवड्यात दुसरे दहा. आणि मूडलच्या मोबाइल ॲपमध्ये साहित्य आधी उतरवून ठेवता येतं, ते मुलांना पहिल्याच दिवशी करून दाखवा. कॉलेजच्या वायफायवर उतरवायचं, रात्री घरी बघायचं.

---

माजघर

प्राचार्यांशी बोलले. सोमवारी मोबाइलवरच्या अनुभवांची यादी, मंगळवार टूल्स (तीन-तीनचे गट), बुधवारी प्रश्न लिहिणं, गुरुवारी सहा मिनिटांचा एक व्हिडिओ, शुक्रवारी असाइनमेंट तपासून शेरे देण्याचा सराव, शनिवारी अदलाबदल. प्रमाणपत्र वाटप काही केल्या काढता आलं नाही, पण वीस मिनिटांवर आणलं. एआय टूल्स पुढच्या सुट्टीत. कार्यभाराचं 'बघू' असं उत्तर आलंय, लेखी पत्र दिलंय.

शनिवारी आमच्या लोकांना अनोळखी विद्यार्थीही हवेत, एकमेकांना सगळेच सांभाळून घेतात. दोन-तीन तास मोबाइलवरून कुणी येईल का?

---

रिकामाफळा

मला आयडी द्या. मी सूचना न वाचता थेट असाइनमेंट उघडणारा विद्यार्थी होतो, सवय आहे.